डाव्या विंगेतला आवाज

लतिका गायधनींना समोरच्याचं वाक्य त्याच्याही आधी ऐकू येतं.

म्हणजे असं, की पंचवटीच्या भाजीबाजारात एखादी मावशी म्हणते, "घ्या ताई मेथी, आत्ताच…" आणि तेवढ्यात तिची नजर वांगी दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाकडे जाते. वाक्य अर्धं लटकतं. लतिकाताईंना ते लटकणं बघवत नाही. त्या ओठ न हलवता, हवेत पीस सोडावं तसा एक शब्द सोडतात. "उतरलीय."

"हां, आत्ताच उतरलीय गाडीतनं!" मावशी म्हणते, आणि शब्द आपल्याला कुणी दिला हे तिच्या गावीही नसतं.

बँकेतला मुलगा जांभई देत म्हणतो, "आज ना काकू, सर्व्हर…" ताई म्हणतात, "झोपलाय." तो म्हणतो, "झोपलाय." मग दचकतो, कारण असं तो कधी म्हणत नाही.

घरी मात्र वहिनी खपवून घेत नाही. भावाच्या घरी राहायचं म्हणजे वहिनीचं ऐकायचं. "वन्सं, मला माझं एक वाक्य, फक्त एक, माझं मला…"

"संपवू द्या."

"अहो!"

हे घराण्यातच होतं म्हणा ना. वडील रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे. कुठून कुठून माणसं यायची, ओल्या धोतरात कुडकुडत बसायची, आणि वडील त्यांना संकल्प सांगायचे. "म्हणा, मम…" "मम…" "गोत्र काय? माहीत नाही? मग कश्यप म्हणा." "मग कश्यप म्हणा," असं तो भाबडा माणूस आख्खंच म्हणायचा, आणि पायरीवर बसलेली छोटी लतिका फ्रॉकचा घोळ तोंडात कोंबून हसायची. सगळे मंत्र वडील पुरवायचे. पण विधी जर माणसाच्या वडिलांचा असेल, आणि वडिलांचं नाव घ्यायच्या वेळी त्या माणसाचा आवाज अडकला, तर शेजारी बसलेल्या बायकोने नाव सांगायला तोंड उघडलं तरी बाबा तिला हातानेच थांबवायचे. नदीकडे बघत बसून राहायचे.

"तुम्ही का नाही सांगत, बाबा? त्या काकूंनी तर आधी सांगितलं होतं तुम्हाला."

"मंत्र आपला, बाळ. नाव त्याचं."

लतिकेला तेव्हा ते काही कळलं नव्हतं. तिच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की एक आवाज पुढे चालतो आणि त्याच्या मागून शंभर आवाज चालत येतात.

पुढे वीज मंडळात कारकून म्हणून लागल्यावर ऑफिसच्या नाटकात तिला कुणीतरी म्हणालं, "गायधनी, तुमचा आवाज बारीक आहे, तुम्ही प्रॉम्प्टिंगला बसा." प्रॉम्प्टिंग म्हणजे विंगेत, पडद्याच्या आडोशाला, हातात संहिता घेऊन बसायचं आणि नट अडला की त्याला शब्द द्यायचा. ती बसली. आणि काय सांगायचं, तिला घर सापडल्यासारखं झालं. पुढे शहरातल्या हौशी नाटकांतही ती विंगेत बसू लागली.

डावी विंग. तिथे काळोख असायचा, पण नुसता काळोख नव्हे. त्याला रंगाचा, कापराचा आणि इस्त्री केलेल्या कपड्यांचा वास असायचा. रंगमंचावरचा उजेड कडेकडेने आत सांडायचा आणि त्यात धूळ अशी हळू तरंगायची, जणू तिलाही एंट्रीची घाई नाही. ताईंच्या मांडीवर टॉर्च, टॉर्चच्या तोंडावर निळा कागद. त्या निळ्या ठिपक्यात अक्षरं मासोळ्यांसारखी यायची आणि जायची. कुजबुजायचं नसतं, हे त्या पहिल्याच वर्षी शिकल्या. कुजबुजीतला स आणि श थेट तिसऱ्या रांगेत जाऊन बसतो. खालच्या पट्टीत, छातीतून, एकच शब्द. नटाचा श्वास संपायच्या आत.

तिथून माणसं अर्धीच दिसायची. ताईंच्या सगळ्या नटांना एकच गाल होता, डावा. एखादा नट रस्त्यात समोरून आला तर त्यांना ओळखू यायचा नाही. मग त्या त्याला वळसा घालून डावीकडे जायच्या, आणि म्हणायच्या, "अगंबाई, तुम्ही होय!"

डाव्या गालांचा राजा म्हणजे दिवाकरराव. हौशी नट, एका कारखान्यात नोकरी, पण आवाज असा की चहा मागितला तरी वाटावं, राज्य मागतोय. "च-हा. अर्धा. कप." त्यांचं गाजलेलं नाटक 'निळ्या दिव्याचं घर'. तिसऱ्या अंकात घर सोडून गेलेला मुलगा पुष्कळ वर्षांनी दाराशी येतो. आतून आई विचारते, "कोण आहे?" आणि तो कितीतरी वेळ काहीच बोलत नाही. उभा राहतो. कालिदास कलामंदिर गच्च भरलेलं असायचं आणि पंख्याची घरघर ऐकू यायची. हे थांबणं हाच दिवाकररावांचा मोठा संवाद. इथे शब्द दिला की नाटक मेलं. ताईंनी कधी दिला नाही. थांबलेला नट समोर बघतो. विसरलेल्या नटाचा कान डावीकडे वळतो, अगदी जरासा, झोपेत कुशी बदलावी तसा. दोन्हींमधला फरक ताईंना अंधारातही दिसायचा.

दोघांमध्ये बोलणं म्हणाल, तर रोज दोन शब्द. तिसऱ्या घंटेआधी दिवाकरराव डाव्या विंगेशी यायचे आणि काळोखाला विचारायचे, "आहे ना?"

"आहे," काळोख म्हणायचा.

बस. वर्षानुवर्षं. नाटकाच्या छापील पत्रकात चहावाल्याचे आभार असायचे, स्कूटर उसनी देणाऱ्याचे असायचे, "ज्ञात-अज्ञात सर्वांचे" तर असायचेच. ताई बहुधा त्या अज्ञातात असाव्यात.

आणि मग ताई निवृत्त झाल्यावर आला विद्यापीठाचा प्रकल्प. त्याचं नाव 'नाशिकची हौशी रंगभूमी : सर्जनशील उद्योगांतील अदृश्य श्रमांचा अभ्यास.' ताईंनी ते नाव संकल्पासारखं पाठ केलं. प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टर संपदा, चाळिशीच्या, भरभर चालणाऱ्या आणि त्याहून भरभर बोलणाऱ्या. "ॲक्च्युअली काय आहे ना ताई, नटांवर, लेखकांवर सगळेच लिहितात. मला मागची माणसं हवीत. पडदा, रंगभूषा, कपडेपट. ज्यांच्याशिवाय काहीच होत नाही, बट जे दिसत नाहीत." त्यांना मुलाखती घ्यायला शहराच्या ओळखीचं कुणीतरी हवं होतं. ताई गेल्या. "तुम्ही नाटकात काय करायचात?" असं संपदाने विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, "मी असायचे." संपदाने मान डोलावली, फोन वाजला, ते तिथेच राहिलं.

संपदाचा एक नियम होता. मुलाखतीत दुसऱ्या कुणाच्या तोंडून ज्याचं नाव येईल, तो प्रकल्पाच्या संग्रहात. आपण आपल्या मनाने कुणाला घालायचं नाही, नाहीतर त्याला संशोधन कोण म्हणेल? ताईंना तो नियम फार आवडला. आपलं नाव आपणच सांगणं म्हणजे नटाने स्वतःच टाळ्या वाजवण्यापैकी. पण कुणीतरी म्हणेल. सहज, बोलता बोलता. "आणि हो, विंगेत त्या गायधनीबाई असायच्या." एवढं एक वाक्य. ते ऐकायला ताई रेकॉर्डर घेऊन गावभर हिंडल्या.

सिन्नरजवळच्या आपल्या वस्तीवर सावळीराम भेटला, पूर्वी पडदा ओढणारा. प्रकल्पाचं नाव ऐकून तो म्हणाला, "उद्योग? आमच्या नाटकाला? ताई, माझी बायकोबी तेच म्हनायची. नसते उद्योग करता म्हनायची!" आणि मांडीवर थाप मारून लय हसला. सटाण्याच्या बाजूला रंगभूषाकार पुंजाराम भेटला. त्याने सगळ्यांचे चेहरे आठवले, नावं विसरला. "आते काय शे ताई, ध्यानमा येत नही." दुसऱ्या अंकात रंगमंचावर आलेलं मांजर मात्र सगळ्यांना आठवत होतं. मांजर संग्रहात गेलं.

विंगेत कोण असायचं, ते कुणीच म्हणालं नाही.

एक दिवस संपदाने ताईंना बोलावून घेतलं. कॉलेज रोडवरची प्रकल्पाची खोली, खिडकीबाहेर गुलमोहर, टेबलावर गार झालेला चहा. तिने काही न बोलता सावळीरामची मुलाखत लावली.

"…तर मंग तिसरी घंटा झाली, आन् म्या पडदा…"

"सोडला," टेपमधून हलकासा आवाज.

"हां, सोडला. तर त्यो मधीच…"

"अडकला."

"अडकला! आन् मला असं झालं का…"

"धरणीने पोटात घ्यावं."

"धरनीनं पोटात घ्यावं!"

संपदाने टेप थांबवली. "ताई, सावळीरामकाका असं बोलतात? धरणीने पोटात घ्यावं?"

ताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"सगळ्या मुलाखती अशाच आहेत. पुंजाराम, इतर सगळे. शब्द त्यांच्या तोंडात आहेत, पण ते तुमचे आहेत. माणूस आठवायला थांबतो, तेच तर मला हवंय! तो कुठे थांबतो, काय शोधतो. आणि तुम्ही तिथे…" तिला शब्द मिळेना. "तुम्ही तर अक्षरशः प्रॉम्प्टिंग करताय!"

आता गंमत बघा. ताईंना खरं तर शरमेने मान खाली घालायला हवी होती. ती त्यांनी घातलीही. पण आत कुठेतरी त्यांना गुदगुल्या झाल्या. आख्ख्या शहरात एवढ्या वर्षांत हे ओळखणारी ही पहिलीच.

"या मुलाखती मला नाही वापरता येणार, ताई," संपदा आता हळू बोलत होती. "वाईट वाटतंय. आता दिवाकररावांची राहिलीय. त्यांची सून म्हणते, ते दिवसेंदिवस विसरत चाललेत. पुन्हा घेऊ म्हटलं तर पुन्हा नसेल. प्रश्न मी विचारते. तुम्ही कॅमेरा सांभाळा. आणि प्लीज, एकही शब्द…"

ताईंच्या जिभेवर 'नको' आला होता. त्यांनी तो गिळला. पहिल्यांदाच गिळला, आणि त्यांना समजलं की गिळलेल्या शब्दाला चव असते. जराशी तुरट.

त्या दिवशी घरी जाताना त्या रामकुंडाशी थांबल्या. संध्याकाळचं पाणी पितळेच्या रंगाचं झालं होतं. कुणीतरी कुणाला तरी "म्हणा" म्हणत होतं. ताई पायरीवर बसल्या आणि न मांडताच त्यांना सगळा हिशेब दिसला. आता फक्त दिवाकरराव. ते म्हणाले तर म्हणाले. नाही म्हणाले, तर निळा टॉर्च, काळोख, ते सगळे डावे गाल, हे कधी झालंच नाही. आणि ते म्हणावेत म्हणून आपण काहीही करायचं नाही. ओठसुद्धा हलवायचे नाहीत.

त्यांनी वाण्याकडून खडीसाखर घेतली. तोंडात खडा असला की शब्द बाहेर पडत नाही, असा त्यांचा हिशेब. घरी सराव केला. वहिनी म्हणाली, "आज भाजीत मीठ जरा…" आणि थांबली. वाट बघितली. काहीच आलं नाही. "वन्सं, बरं आहे ना?" तिने कपाळाला हात लावून बघितला.

दिवाकररावांचं घर गंगापूर रोडला, वरच्या मजल्यावर. दुपारची वेळ. गॅलरीतला पांढरा पडदा श्वास घेतल्यासारखा आत यायचा आणि बाहेर जायचा. सून तेजश्रीने दार उघडलं. "या. बाबा आज खुशीत आहेत. सकाळपासून मला मिसेस कुलकर्णी म्हणतायत, मी पण ओ देतेय."

दिवाकरराव खुर्चीत बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, कुणीतरी कोरून काढल्यासारखे. कॅमेरा त्यांच्या समोर लावला होता. ताई त्यांच्यासमोर बसल्या आणि त्यांना हा माणूस ओळखीचाच वाटेना. दोन्ही गाल, दोन्ही डोळे, हे कोण? त्यांनीही ताईंना ओळखलं नाही. सभ्यपणे मान झुकवली. "आपण. वीज मंडळाकडून?" आणि ताईंना वाटलं, चुकून बरोबरच म्हणाले की काय. पण मग ते म्हणाले, "मीटर बाहेर आहे."

खडीसाखर जिभेखाली. संपदाने विचारायला सुरुवात केली. पहिलं नाटक कोणतं? दिवाकररावांनी पडदा बघितला. "पहिलं नाटक… शाळेत… मी झाड होतो." सगळे हसले. "झाडाला संवाद नव्हता. पण मी फार छान हललो." ताईंना वाटलं, हे असलं वाक्य आपण जन्मात सुचवलं नसतं. सावळीरामकडेही अशी वाक्यं असतील. आपण ती 'धरणी'खाली गाडली.

मधेच कॅमेऱ्याने लाल दिवा दाखवला. बॅटरी. तेजश्री म्हणाली, "प्लग इकडे आहे, बाबांच्या या बाजूला." कॅमेरा उचलून दिवाकररावांच्या डावीकडे नेला, ताईही मागोमाग स्टूल घेऊन गेल्या, जरा मागे, कपाटाच्या आडोशाला. बसल्या, वर बघितलं.

डावा गाल.

थकलेला, सुरकुतलेला, पण तोच. पडद्यातून उजेड कडेकडेने आत सांडत होता आणि त्यात धूळ तरंगत होती. ताईंना कापराचा वास आला. आता तो खरंच देवघरातून येत होता की आणखी कुठून, देव जाणे.

"'निळ्या दिव्याचं घर'बद्दल सांगा ना," संपदा म्हणाली. "मागे कोण कोण असायचं?"

"मागे? सावळीराम. पडदा. तो… पुंजाराम. त्याचे हात गार असायचे."

"आणि विंगेत? विंगेत कोण असायचं?"

दिवाकरराव गप्प झाले.

पडदा आत आला, बाहेर गेला. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षा सुरू केली आणि ती दूर जात जात विरून गेली. संपदा तिच्या शिस्तीप्रमाणे वाट बघत होती. ताईंच्या तोंडात आता साखर उरली नव्हती. तिच्या जागी चार अक्षरं होती, गा, य, ध, नी, आणि ती दातांमागे गर्दी करून उभी होती. एक श्वास सोडला असता तरी बाहेर पडली असती. आणि ते म्हणाले असते, "हां, गायधनी!" नेहमीसारखेच म्हणाले असते.

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. नजर समोर होती. कान हलला नव्हता. हा विसरलेला नट नव्हता, हा थांबलेला होता. तिथे शब्द द्यायचा नसतो. मंत्र आपला, नाव त्याचं. ताईंनी डोळे मिटून घेतले आणि नदीकडे बघत बसल्यासारख्या बसून राहिल्या.

मग तो आवाज आला. मघापासूनचा थरथरता नाही, राज्य मागणारा.

"कोणी नाही, आई. वारा आहे."

संपदाने तेजश्रीकडे बघितलं. तेजश्री पुटपुटली, "नाटकातलं आहे. तिसरा अंक." दिवाकररावांना विंगेतून कुणीतरी हाक मारली असावी, तसे ते नाटकातल्या दारात जाऊन उभे राहिले होते, खुर्चीतल्या खुर्चीत. "वारा आहे. दार लोटून घे. मी आत यायला नाही आलो. मी नुसतं बघायला आलो, की तो दिवा अजून…"

थांबले.

आणि त्यांचा कान डावीकडे वळला. जरासा. झोपेत कुशी बदलावी तसा.

संपदाला ते दिसलं नाही. तिला वाटलं, आणखी एक शांतता, छान. पण ताईंना दिसलं. एकही शब्द नको, असं ठरलं होतं. ही मुलाखतही बाद होईल. पण तो कान त्यांच्याकडे वळला होता, दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि श्वास संपत आला होता.

छातीतून, खालच्या पट्टीत, ताई म्हणाल्या, "तुझ्या."

"तुझ्या खोलीत जळतो का!" दिवाकररावांनी वाक्य उचललं आणि थेट नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत नेऊन ठेवलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टीसुद्धा टाळीसारखी वाजली. ते दमून मागे टेकले. खुशीत होते. मान न वळवता, कपाटाजवळच्या सावलीला त्यांनी विचारलं, "आहे ना?"

"आहे," ताई म्हणाल्या.

"हं," दिवाकरराव म्हणाले. "मग ठीक आहे." आणि ते पडदा बघू लागले. पुढच्या कुठल्याच प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही. तेजश्रीला म्हणाले, "मिसेस कुलकर्णी. च-हा. अर्धा. कप."

परतताना जिन्यात ताई म्हणाल्या, "चुकलंच माझं. बोलायचं नव्हतं." भरभर चालणारी संपदा त्या दिवशी एकेक पायरी उतरत होती.

दुसऱ्या दिवशी तिने ताईंना खोलीवर बोलावून चित्रीकरण लावलं. तो कान वळतो तिथे येऊन तिने थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. पुन्हा. पुन्हा. तिचा चहा गार झाला.

"हे बाद नाही करत," ती म्हणाली. "सावळीरामकाकांना तुम्ही ते थांबले की शब्द दिलात. इथे यांनी मागितला. मला काल तिथे बसून कळलं नाही, इथे दिसतंय." मग ती टाइप करू लागली. मुलाखत उतरवून काढताना प्रत्येक वाक्याआधी बोलणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. 'दिवाकर'. 'संपदा'. 'दिवाकर'. तिची बोटं थांबली. पडद्यावर एक शब्द होता, 'तुझ्या', आणि त्याच्या खाली आणखी एक, 'आहे', आणि दोन्हींच्या आधी मोकळी जागा.

"ताई, इथे कुणाचं नाव घालू?"

संपदाला अर्थातच माहीत होतं. पण कीबोर्डवरचे हात उचलून तिने मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेरच्या गुलमोहराकडे बघू लागली.

ताईंनी डावीकडे बघितलं. सवयीने. तिथे कुणी नव्हतं, भिंत होती.

मग त्यांनी घसा साफ केला. एवढा मोठा आवाज त्यांनी आयुष्यात कधी लावला नव्हता, त्यामुळे तो पहिल्यांदा जरा चिरकला, आणि शेजारच्या खोलीतल्या शिपायाने आत डोकावून बघितलं.

"लतिका गायधनी," त्या म्हणाल्या. "डावी विंग."